धाकटीचा ओठ

६ जानेवारी

ती. दादा,

तुझं पत्र मिळालं, पण सोबत पाठवलेल्या रानफुलाचा पाकिटातच भुगा झाला होता. लंबूने तो भुगा तळहातावर घेऊन हुंगला आणि म्हणाला, "ढगोबाच्या खिशाचा वास येतोय." तुझा दोस्त माझा नवरा होऊन नऊ वर्षं झाली, तरी तुझं पाकीट आधी तोच फोडतो. बेकरीतून आला की हातावरचं पीठ झटकायलाही थांबत नाही.

यंदा माझ्या वर्गात नऊ मुलं आहेत. सगळी सहाच्या आसपासची, कुणालाच ऐकू येत नाही. त्यांना बोलायला शिकवतेस म्हणजे नक्की काय करतेस, असं तू मागच्या वेळी विचारलं होतंस. सांगते. मी आणि मूल मोठ्या आरशापुढे शेजारी शेजारी बसतो. मूल आधी माझ्या ओठांकडे बघतं, मग स्वतःच्या. 'प' म्हणताना ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, ती हलली पाहिजे. 'ब'ला गळ्यावर बोटं ठेवायची, तिथे थरथर लागते. 'म'ला नाकावर. गेल्या वर्षी एका मुलीला 'पाणी' म्हणायला चार महिने लागले. म्हणता आलं त्या दिवशी ती लागोपाठ तीन पेले पाणी प्यायली. तहान नव्हती. शब्द खरंच चालतोय का, ते बघत होती.

यंदाही तशीच एक आहे. तिची एक भुवई कायम वर असते, म्हणून आम्ही तिला प्रश्नचिन्ह म्हणतो.

तू किती दिवस मागत होतास तो वर्गाचा फोटो पाठवतेय. माझा खालचा ओठ सुजलेला दिसेल. कपाटाचं दार लागलं. काही विशेष नाही, लगेच काळजी करू नकोस. आई गेल्यापासून तुला कुणी शिंकलं तरी धसका बसतो.

तुझी,
धाकटी


२१ जानेवारी

धाकटे,

रसदगाडी काल आली. बटाटे, रॉकेल, बॅटऱ्या आणि तुझं पत्र. या वेधशाळेत टेलिफोन आहे, पण तो दिवसातून तीनदा आकडे खाली कळवण्यापुरता. त्यावर घरचं बोलायचं नाही हे आमच्या साहेबांनी इतक्यांदा बजावलंय की आता घंटा वाजली की मी आपोआप तापमान सांगायला लागतो. त्यामुळे पंधरा दिवसांनी येणारं तुझं पाकीट हीच काय ती चैन.

इथे वायुभारमापकाच्या बारीक रेघा वाचायला एक भिंग आहे. त्याखाली तुझा वर्ग पाहिला. प्रश्नचिन्ह लगेच ओळखू आली. तुझा ओठ मात्र मला आवडला नाही. दार लागून एवढा सुजतो? आणि कपाटाचं दार कपाळाला लागायचं सोडून ओठाला कसं लागलं? तू काय कपाटाशी बोलत होतीस?

माझा जोडीदार, म्हणजे आमचे काका, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. त्यांनीही फोटो पाहिला. छान आहे म्हणाले आणि वाऱ्याचा वेग बघायला बाहेर गेले. खरं तर ती वेळ नव्हती.

लंबूला सांग, खिशाचा वास त्याच्या आठवणीतला असेल. मी आता रोज आंघोळ करतो.

ओठाला काही लावलंस का ते कळव.

दादा


९ फेब्रुवारी

ती. दादा,

उशीर झाला, रागावू नकोस. ओठ उतरला होता. मग झोपेत दात लागला आणि पुन्हा सुजला. तीन दिवस शाळेत गेले नाही. आता तोंडावर कापड बांधून जाते, सर्दी आहे म्हणून सांगितलंय. पण तोंड झाकलेल्या बाईकडे बघून आमची मुलं काय शिकणार? आरशापुढे बसतो तेवढा वेळ कापड काढते.

लंबूबद्दल विचारशील म्हणून आधीच सांगते, सध्या आमचं बोलणं बंद आहे. नवरा-बायकोचं असतं काहीतरी. तो एकच गोष्ट धरून बसतो, सकाळ-संध्याकाळ तेच. मग माझा आवाज चढतो, त्याचा चढतो आणि शेजारीण भिंतीवर ठोकते. परवा त्याने रागाच्या भरात हातातलं ताट आपटलं. नंतर स्वतःच तुकडे गोळा केले. त्याच्यावर चिडू नकोस, माझंही चुकतंय. पण मला या विषयावर कुणाशीच बोलायचं नाही, तुझ्याशीसुद्धा नाही.

इकडचं बाकी ठीक. जिन्यातला दिवा अजून कुणी बदललेला नाही. भांडी घासताना गाणं म्हणायची सवय मोडली आहे, एवढंच.

तू गरम कपडे घालतोस ना?

धाकटी


२२ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता लिहितोय तसंच पाठवतो.

आधी दार. मग दात. मग तीन दिवस घरात. मग तोंडावर कापड. मग फुटलेलं ताट. आणि शेवटी 'माझंही चुकतंय.' मी दिवसभर आकडे एकाखाली एक लिहिणारा माणूस आहे, ओळीने आलेल्या गोष्टी मला दिसतात.

काका त्या दिवशी बाहेर का गेले ते त्यांनी काल सांगितलं. त्यांच्या मुलीलाही दोन वर्षं दारंच लागत होती. कधी दार, कधी जिना, कधी न्हाणीघरातली फरशी. तेही दोन वर्षं विश्वास ठेवत राहिले. ते म्हणाले, "मी विचारलंच नाही हो. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं."

म्हणून मी विचारतोय. लंबू तुझ्यावर हात टाकतो का?

त्याला मी सातवीपासून ओळखतो. तो झुरळ मारायलाही दुसऱ्याला बोलावतो. पण माणसं बदलतात, आणि तू माझी एकुलती एक बहीण आहेस. त्याला याच गाडीने वेगळं पत्र पाठवलंय. त्यात काय लिहिलंय ते तुला सांगत नाही, वाचण्यासारखं नाही ते.

इथे माझ्या खोलीशेजारी एक खोली रिकामी आहे. शेगडी आहे, खिडकी दक्षिणेकडे आहे. साहेबांची परवानगी मी काढतो. तू फक्त बॅग भर.

दादा


१२ मार्च

मा. हवामान निरीक्षक यांस,

तुमचं पत्र पोचलं. ते मी बेकरीच्या मागच्या बाजूला, पिठाच्या पोत्यावर बसून वाचलं. मग भट्टीत टाकायला निघालो होतो, पण टाकलं नाही. घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. तुझ्या बहिणीला दाखवलेलं नाही.

अरे, नऊ वर्षांत मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही. हे मला कागदावर लिहावं लागेल, तेही तुला, असं कधी वाटलं नव्हतं. पण तू एकटाच नाहीस. रोज पाव घ्यायला येणाऱ्या बायका आता माझ्या हाताकडे बघतात. एकीने परवा सुट्टे घेताना हात मागे घेतला. तेव्हा कळेना. तुझं पत्र वाचलं आणि कळलं.

आता नीट वाच. तिचा ओठ पाच महिन्यांपासून सुजतो. आधी चार दिवसांनी उतरायचा, आता उतरतच नाही. हाताला रबरासारखा लागतो. आतून गालाला उंचवटे आलेत आणि हिरड्यांजवळ लांबट फोड, चिरल्यासारखे. तिखट जाऊ दे, टोमॅटो लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. मी पाव दुधात भिजवून देतो, तेवढाच खाते. सात किलो उतरली आहे. ते दारही खोटं आणि दातही खोटा.

डॉक्टरकडे चल, एवढं एकच मी तिला तीन महिने म्हणतोय. भांडण होतं ते त्यावरून. ताट आपटलं तेही त्यावरून, आणि त्याची मला लाज वाटते. ती काय म्हणते सांगू? "आईच्याही तोंडातच होतं ना. मला नाव कळून घ्यायचं नाही." मग भिंतीकडे तोंड करून झोपते. माझ्यापाशी उपाय नाही. मी पाव भाजणारा माणूस.

मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, आहेत त्या पुरल्या नसतील तर आणखी दे. पण तिला 'जा' म्हण. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते.

लंबू


१८ मार्च

धाकटे,

पुढच्या रसदगाडीला अजून तेरा दिवस आहेत. रस्ता दुरुस्त करणारा माणूस आज पायी खाली निघालाय, त्याच्या हाती हे देतोय.

लंबूचं पत्र आलं. मी गाढव आहे. त्याबद्दल त्याच्याशी माझं मी बघेन. आज तुझ्याशी बोलायचंय, आणि एक गोष्ट अशी सांगायचीय जी मी अकरा वर्षं कुणाला सांगितलेली नाही.

आईच्या जिभेखाली फोड आहे हे मला आधीपासून माहीत होतं. डॉक्टरकडे गेलो त्याच्या तब्बल आठ महिने आधी. एकदा ती आरशात बघत होती आणि मी मागे उभा होतो. ती म्हणाली, "धाकटीची परीक्षा आहे, तिला कळू देऊ नकोस. आपोआप जाईल." मी म्हटलं, बरं. आणि गप्प बसलो. पुढे डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती." तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस. मी एकट्यानेच ते ऐकलं.

तू म्हणतेस नाव कळून घ्यायचं नाही. आईलाही तेच हवं होतं. तिला झालं तेच तुलाही झालंय असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही, पण मी काही डॉक्टर नाही, तूही नाहीस. मला एवढंच माहीत आहे की गप्प बसून मी एकदा आई घालवली. या वेळी मी गप्प बसणार नाही. तू गेली नाहीस तर नोकरी गेली तरी चालेल, मी खाली येईन आणि तुला उचलून नेईन. तुला माहीत आहे, लहानपणी मी तुला ओढ्यातून उचलून नेलं होतं तेव्हा तू चावली होतीस. चाव.

जा गं. लंबूला बरोबर घेऊन जा.

दादा


१७ एप्रिल

ती. दादा,

कॅन्सर नाही.

हे आधी लिहिलं, म्हणजे बाकीचं तू श्वास घेत वाचशील.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रडले, मग खूप चिडले. आईच्या गोष्टीवर नाही. एवढं ओझं तू एकट्याने वाहिलंस, म्हणून. तरीही मी लगेच गेले नाही. खोटं कशाला सांगू?

गेले ते मुलांमुळे. मोठ्या बाई वर्ग तपासायला आल्या होत्या. मी तोंडावरचं कापड काढलं, मुलांना उभं केलं आणि 'प' म्हणायला सांगितलं. नऊच्या नऊ जणांनी खालचा ओठ बाहेर काढून डावीकडे ढकलला आणि 'फ'सारखा काहीतरी आवाज केला. प्रश्नचिन्हाने तर हनुवटीही वाकडी केली. मोठ्या बाई म्हणाल्या, "यांना झालंय काय?" मग त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. मुलं चुकली नव्हती, दादा. मी दाखवत होते तेच, तंतोतंत करत होती. मोठ्या बाईंनी नंतर हळूच विचारलं, काही दिवस कार्यालयात बसाल का? मी हो म्हटलं, घरी आले आणि लंबूला म्हटलं, "उद्या जाऊ."  तो पायमोजे शोधायला लागला, जणू लगेचच निघायचं होतं.

आधी दातांचे डॉक्टर. त्यांनी पाहिलं आणि मोठ्या इस्पितळातल्या तोंडाच्या विकारांच्या विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहूनही लहान. त्यांनी ओठ उलटून पाहिला, दिवा धरून गाल पाहिले. मग लंबूला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता?" दार लावलं आणि मला विचारलं, "घरी कुणी मारतं का? मोकळेपणी सांगा." मला आधी हसू आलं, मग रडू. मी म्हटलं, "नाही हो. दार लागलं असं मी सगळ्यांना सांगत सुटले, त्याची ही शिक्षा आहे."

बाहेर आले तर लंबू भिंतीला डोकं टेकून बसला होता. "विचारलं ना?" म्हणाला, आणि खिशातून तुझं पत्र काढून दिलं. ते वाचलं. दादा, तू त्याला काय काय लिहिलंस! मी त्या बाकावर त्याच्या शेजारी बसले आणि किती तरी महिन्यांनी त्याचा हात हातात घेतला. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, म्हटलं.

ओठाच्या आतून भूल देऊन एक बारीक तुकडा काढला, दोन टाके घातले. आठ दिवसांनी अहवाल. ते आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही." मला ऐकू आलं, पण आत पोचेना. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा." त्यांनी म्हटलं. मी म्हटलं, "जरा सावकाश म्हणा, मला तुमचे ओठ बघू दे." त्यांना वाटलं असेल बाई बिघडली. पण त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. मी ते त्यांच्या ओठांवर वाचलं. तेव्हा खरं वाटलं.

आजाराचं नाव आहे ओरोफेशियल ग्रॅन्युलोमॅटोसिस. लंबूला अजून म्हणता येत नाही, तो त्याला 'ते लांबलचक' म्हणतो. दुर्मीळ आहे. शरीरातले पहारेकरी काही कारण नसताना ओठात घोळका करून बसतात, म्हणून सूज येते आणि राहते. कुणाला लागत नाही. आतड्यातही असं होऊ शकतं म्हणून तीही तपासणी झाली. तिथे काही नाही. पुढचं औषधपाणी सविस्तर नंतर लिहीन. आज एवढंच.

तुझी,
धाकटी


२४ एप्रिल

धाकटे,

तुझ्या पत्राचे पहिले दोन शब्द वाचले आणि मी बटाट्याच्या पोत्यावर बसलो. गाडीचा ड्रायव्हर सही मागत उभा होता. काकांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, मोठ्याने वाचलं आणि त्या ड्रायव्हरलाच मिठी मारली. बिचारा वर्षभर आम्हाला दोन शुष्क माणसं समजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या नोंदीत मी वाऱ्याच्या रकान्यात तापमान लिहिलं. बारा वर्षांतली माझी पहिली चूक. काकांनी ती खोडली, शेजारी सही केली आणि कारण लिहिलं: 'निरीक्षक आनंदात.' साहेबांचा फोन येईल. येऊ दे.

आईचं तुला सांगून टाकलं, त्याने मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं वाटतंय. तू चिडलीस ते बरं केलंस.

लंबूला मी पत्र लिहिलं होतं, मार्चातच. माफी मागितली. उत्तर नाही. काल आणखी एक लिहिलं. तो माझ्यावर किती रागावलाय? खरं सांग, सौम्य करून नको. मार्चातल्या पत्रानंतर रसदगाडीतून त्याच्या हातचा एक कागद आला, त्यावर पावाच्या ऑर्डरी होत्या, तोही चुकून आला असावा.

औषधांचं सगळं लिही. सुई कुठे टोचणार, किती वेळा, दुखतं का. मला आकडे कळले की बरं वाटतं.

दादा


९ जून

ती. दादा,

आकडे घे. ओठात इंजेक्शन, स्टिरॉइडचं. दर महिन्याला एकदा, अशी तीन ठरली आहेत, दोन झाली. आधी बधिर करतात, मग ओठाच्या कडेने चार ठिकाणी टोचतात. दुखतं, पण मोजता येईल एवढंच. नंतर दोन तास ओठ आपला नसतो. पहिल्यांदा मी पेल्याने पाणी प्यायला गेले आणि सगळं पदरावर. घरी लावायला मलम आहे, आणि तोंडात धरून चूळ टाकायचं एक औषध. ते कडू आहे, पण फोड त्यानेच गेले.

शिवाय पथ्य. तीन महिने दालचिनी बंद, चॉकलेट बंद, बाटलीतली पेयं आणि टिकण्यासाठी औषध घातलेले सॉस-जॅम बंद. टूथपेस्टसुद्धा बिनवासाची. काहींना या गोष्टींनी सूज भडकते म्हणे, काहींना काहीच होत नाही. थांबवून बघायचं.

दालचिनीचं नाव काढलं आणि लंबू पांढरा पडला. मला काही खाववत नव्हतं ना, तेव्हा तो माझ्यासाठी म्हणून बेकरीतले दालचिनीचे मऊ पाव आणायचा आणि दुधात भिजवून भरवायचा. त्याला वाटायचं, वासाने तरी दोन घास जास्त खाईल. डॉक्टरीणबाईंसमोर म्हणाला, "म्हणजे मीच..." त्या म्हणाल्या, "हे पाहा, दालचिनीने हा आजार होत नाही. असलेला कदाचित वाढतो. आणि तुम्ही नसता तर या सात नाही, सतरा किलो उतरल्या असत्या." तरीही महिनाभर तो बेकरीतून आला की दारातच कपडे बदलायचा आणि कोपरापर्यंत हात धुवायचा. मी म्हटलं, अरे, मी काही तुझा हात खाणार नाही.

तुझ्यावर रागावलाय का? हो, दादा. तुझी दोन्ही पत्रं त्याने वाचली आणि कपाटात वर ठेवली. तुझं नाव निघालं की उठून खिडकीशी जातो. मी मधे पडत नाही. त्या बायका हाताकडे बघत होत्या त्याने त्याला जेवढं लागलं नसेल तेवढं तुझ्या पत्राने लागलं. पण पत्रं त्याने फेकलेली नाहीत, एवढं लक्षात ठेव.

आता चांगलं. दुसऱ्या इंजेक्शननंतर ओठ उतरला. पूर्ण नाही, डाव्या कोपऱ्यात अजून जरा जाड आहे, पण मिटतो. मोठ्या बाईंनी मला वर्गात परत पाठवलं. मुलं आरशापुढे बसली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी 'प' म्हटला, पट्टी हलली. आठ जणांनी ओठ सरळ केले. प्रश्नचिन्ह मात्र वाकडाच ओठ करून बसली, ती मोठ्या मेहनतीने शिकली होती ना! मी तिचं बोट माझ्या ओठावर फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने बराच वेळ चाचपून पाहिलं. मग मीच शिकवलेली रीत माझ्यावर चालवली. माझ्या गळ्यावर हात ठेवला, आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाई बरी?"

मी म्हटलं, "बरी."

डॉक्टरीणबाई म्हणतात, हे पूर्ण गेलं असं धरू नका. पुन्हा सुजेल, कदाचित वर्षाने, कदाचित कधीच नाही. सुजला तर पुन्हा टोचू. मी म्हटलं, चालेल. मला आता नाव माहीत आहे.

धाकटी


१ जुलै

ढगोबा,

तुझी पत्रं तीन झाली. माफी मागायची तुला सवय नाही, ते वाचताना कळतं. तिसऱ्यात तर तू माफीच्या खाली त्या दिवसाचं तापमानही लिहिलंयस.

मी खूप रागावलो होतो. पाव मळताना रागावलो होतो, झोपताना रागावलो होतो. सातवीपासूनचा माणूस, आणि त्याला असं वाटावं? मग परवा कणीक तिंबता तिंबता उलटं करून पाहिलं. समज, माझी बहीण असती आणि तू तिचा नवरा. तिने मला आधी दार लिहिलं असतं, मग दात. मी पत्र लिहीत बसलो नसतो रे. लाटणं घेऊन तुझ्या डोंगरावर चढलो असतो, आणि वाटेत कुणाला काही विचारलंही नसतं. त्या मानाने तू बराच सभ्य वागलास. एवढं समजल्यावर राग धरून ठेवायला जड जायला लागला, म्हणून टाकून दिला. आता हा विषय बंद. तूही पुन्हा काढू नकोस, चौथं माफीपत्र आलं तर मी ते खरंच भट्टीत टाकीन.

बेकरीत येणाऱ्या त्या बायकांचंही मिटलं. तुझी बहीण परवा दुकानात आली, गिऱ्हाइकांच्या रांगेतच उभी राहिली आणि मला सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, तोंड आलं होतं तेव्हा मला भरवत होतात ना, आता एक पाव विकत द्या." हात मागे घेतला होता ती बाई पुढेच होती. तिने स्वतःचे दोन पाव घेतले, तिसरा उगाचच घेतला आणि लाजून गेली.

तिसरं इंजेक्शन काल झालं. ओठाच्या कोपऱ्यातलं जाडपणही गेलंय. वजन चार किलो परत आलंय. काल तिने टोमॅटो कापून मीठ लावून खाल्ला, अख्खा. मी समोर बसून बघत होतो. तिला डोळ्यांत पाणी येतंय का ते. तिच्या आलं नाही.

तुझी रजा मंजूर झाली असं तिने सांगितलं. पंधरा दिवस कमी आहेत, महिना घे. काकांनाही घेऊन ये, त्यांना माझ्याकडे नीट बघू दे. बाहेरच्या खोलीत दोन गाद्या टाकतो. येताना फूल आणू नकोस, तुला ते पोचवता येत नाही.

हे लिहितोय आणि आत ती भांडी घासताना गातेय. तुला तर माहीत आहे ती कशी गाते. शेजारीण आत्ताच एकदा भिंतीवर ठोकून गेली. मी उठून जाऊन तिला म्हणालो, "ठोका तुम्ही, पण ती थांबणार नाही." थांबलेली नाही. आता तर दुसरं सुरू केलंय, आणि तेही बेसूर.

लंबू